चहाच्या पानांचं पहिलं पाणी

पास्कूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. नंतरचे काही आठवडे कसे गेले, नीट सांगता येणार नाही... आता मात्र लिहावंसं वाटतंय.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. होळी नावाच्या गावात त्याची भाजीची वाडी. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्याचं सगळ्यांना कौतुक होतं. पण मी शिकलेलं काही सांगायला गेले की सगळे हसायचे. चहाच्या पानांवर फवारलेलं औषध कपात किती उतरतं, हा विषय मी प्रकल्पासाठी घेतला तेव्हाही तेच. "आता चहापन सोडायचा?" मामी म्हणाली. मी चाचरत सांगत राहिले, की पाण्यात सहज विरघळणारी औषधं उकळल्यावर बरीचशी चहात येतात, न विरघळणारी बहुतेक चोथ्यातच राहतात. मामा हसला नाही. "पानं खुडल्यावर धुतात ना?"

"नाही मामा. खुडतात, वाळवतात. त्यांना पहिलं पाणी लागतं ते आपल्या पातेल्यात."

बाजारात न्यायची मेथीसुद्धा पुन्हा पुन्हा धुणारा माणूस तो. तडक उठला, चहा पावडर गाळणीत घेतली आणि नळाखाली धरली. अर्धी मोरीत वाहून गेली.

"अहो, मेथी हाय काय ती?" मामी ओरडली.

उरलेल्या पावडरीचा फिकट चहा त्याने शेवटच्या घोटापर्यंत संपवला. मग मला म्हणाला, "चव गेली ते कळलं. औषध गेलं का, ते कसं कळायचं?"

"माहीत नाही," मी पुटपुटले.

"मग तसं मोठ्यानं सांग की. लाजते कशाला?"

माझ्या शिक्षणाला घरातून आलेला तो पहिला खरा प्रश्न. त्यासाठी मी वाचत गेले, सरांना विचारत गेले. मामा भेटला की "कळलं का?" ठरलेलं... पुरतं कळण्याआधीच तो गेला.

परवा चर्चमध्ये मामासाठीची महिन्याची प्रार्थना, मिस्सा झाल्यावर सगळे मामीकडे जमलो. आत चहा उकळत होता. शेजारच्या काकांनी मला छेडलं, "काय गं शास्त्रज्ञ, हा चहा प्यायचा की नाय?" हशा झाला. एरवी मीही हसून गप्प बसले असते.

"प्या," मी म्हटलं. "पावडर धुवून औषध किती जातं, ते मला अजून माहीत नाही. पण पाण्यात विरघळणारं औषध जास्त उकळल्यावर जास्त उतरतं, हे माहीत आहे."

वाक्य मोठ्यानं पूर्ण केलं. कोणी हसलं नाही. मामी उठली, आत गेली आणि तिने गॅस बंद केला.