पेडलचा आवाज कुठं गेला

जानेवारीतल्या एका रविवारी तालमीला बसलो असताना मला वाटलं, माझ्या पेडलचा आवाज बसलाय. पायाखाली दाबायची ती धातूची छोटी डबी. गिटारचा साधा स्वच्छ सूर तिच्यातून गेला की खरखरीत होऊन, दात विचकून बाहेर येतो. त्यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. बारा वर्षं मी ते पेडल वापरत होतो. त्या दिवशी मात्र त्याच्यावर कुणीतरी गोधडी टाकल्यासारखं वाटलं. टोनचं बटण शेवटपर्यंत फिरवलं तरी आवाजाला धार येईना.

मी सांगलीत आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि बावीस वर्षं एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत होतो. लग्नं, वाढदिवस, गणपतीतले कार्यक्रम. कऱ्हाडपासून जतपर्यंत आम्ही फिरायचो. आमचा कीबोर्डवाला म्हणजे माझा अकरावीपासूनचा मित्र. साताऱ्यात आम्ही एका बाकावर बसायचो, एका खोलीत राहायचो. पुढं तो कोरेगावकडं आपल्या गावी शेती बघायला लागला, पण तालमीला दर रविवारी इतक्या लांबून यायचा.

पेडल बिघडलं तर मी दुसऱ्या कुणाकडं कशाला नेऊ? घरी जेवणाच्या टेबलावर जुना पेपर अंथरला, चार स्क्रू काढले आणि ते उघडलं. आतला बोर्ड स्वच्छ होता. एकही जोड सुटलेला नव्हता. तरी मी टोनच्या सर्किटमधला एक कपॅसिटर काढून त्याच्या निम्म्या किमतीचा, म्हणजे निम्म्या मापाचा, बसवला. त्यानं वरचे, बारीक आवाज जास्त बाहेर येतात. गिटार जोडून वाजवली. थोडं बरं वाटलं. आतल्या खोलीतून बायको बाहेर आली, माझ्याकडं बघितलं आणि दार ओढून घेऊन परत गेली.

पुढच्या रविवारी तालमीत पहिलंच गाणं चालू असताना गाणाऱ्या बाईंनी एका कानावर हात ठेवला. गाणं संपल्यावर मित्र म्हणाला, "गड्या, लय टोचतंय रं. जरा बसव की खाली."

"टोचतंय? अजून आवाज खुललाही नाही त्याचा."

"आरं, सुई घातल्यागत वाटतंय कानात."

मी म्हणालो, हॉलचा स्पीकर खराब आहे.

त्यानंतरचे तीन महिने आठवले की मला माझीच लाज वाटते. दर आठवड्याला मी ते पेडल उघडत होतो. आधी दुसरा कपॅसिटर बदलला. मग ज्या दोन डायोडमुळं आवाज फाटतो ते काढून तिथं छोटे एलईडी लावले. मग आतली चिप बदलली. प्रत्येक वेळी पहिली दहा मिनिटं वाटायचं, जमलं. मग वाटायचं, नाही, अजून गोधडी आहेच. आयटीआयमधून आलो की चहाचा कप बाजूला ठेवून मी सोल्डरिंगचं इस्त्रीसारखं तापणारं टोक हातात घ्यायचो. बायको म्हणायची, "अहो, कधीपासून हाक मारतेय." मी म्हणायचो, कामात होतो. ते खरंच वाटायचं मला.

एप्रिलमध्ये कऱ्हाडला एका लग्नात दुपारचा कार्यक्रम होता. नवरीच्या मामांनी ऐन वेळी एका गाण्याची फर्माईश केली. ते गाणं कोणत्या पट्टीत घ्यायचं ते मित्रानं कीबोर्डवरून मला सांगितलं. तो "सी" म्हणाला. मी "डी" ऐकलं. मी डीमध्ये जोरात सुरुवात केली, तो सीमध्ये, आणि गाणाऱ्या बाई मधेच तोंड उघडून थांबल्या. पंगतीतली माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं.

गाणं कसंबसं सावरलं. मंडपामागं गेल्यावर मी सगळ्यांदेखत त्याच्यावर घसरलो. त्याच वर्षी मोटरसायकलवरून पडून त्याचे पुढचे चार दात गेले होते आणि त्यानं कवळी बसवली होती. त्याचं त्याला आधीच फार वाईट वाटायचं. हसताना हात तोंडापुढं धरायचा. मी म्हणालो, "कवळी बसवल्यापासून तुझ्या तोंडातून धड एक अक्षर बाहेर येत नाही. बोलता येत नसेल तर लिहून दाखवत जा."

मग त्यानं कीबोर्डची वायर गुंडाळली, अगदी सावकाश, आणि मला एवढंच म्हणाला, "बरं." त्या दिवसानंतर त्याचा फोन आला नाही. पंधरा दिवसांनी दुसऱ्या एकाकडून कळलं की ऑर्केस्ट्रानं नवा गिटारवाला घेतलाय.

मी आणखी चेकाळून पेडलच्या मागं लागलो. मुलांना वर्गात मी नेहमी सांगतो, गरम टोक बोर्डावर तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवायचं नाही. त्या रागात मी किती वेळ टेकवलं कोण जाणे. बोर्डावरची तांब्याची बारीक पट्टी सुटून वर आली. पहिल्या वर्षाच्या मुलानं केलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं. एक वायर टाकून तो जोड मी कसाबसा जुळवला आणि ठरवलं की आता एक साक्षीदार शोधायचा. ज्याच्या कानावर कुणी शंका घेणार नाही असा माणूस मला माहीत होता.

मिरजेत एक म्हातारे सतार बनवणारे आहेत. लहानपणी वडील मला त्यांच्या दुकानात घेऊन जायचे. त्यांना मी चाचा म्हणतो. पेडल, गिटार आणि छोटा अॅम्प्लिफायर घेऊन मी एका सकाळी त्यांच्याकडं गेलो. वर टांगलेले भोपळे, लाकडाचा भुसा, एका कोपऱ्यात त्यांचा पुतण्या तारा चढवत बसलेला. चाचांनी हातातली घोडी, म्हणजे सतारीच्या तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "वाजवा, सर."

मी वाजवलं. त्यांचा चेहरा आक्रसला. पुतण्यानं तर खांदे वर घेतले. चाचा वाकले आणि टोनचं बटण स्वतःच्या हातानं मागं फिरवत गेले, जवळजवळ अर्ध्यावर.

"आता?"

"आता तर बंदच झालं, चाचा."

"मला तर आत्ता कुठं जवारी नीट लागल्यासारखी वाटते."

सतारीच्या तारेला घोडीवर जी झणझण मिळते तिला जवारी म्हणतात. ती कानसेनं घासून घासून, ऐकत ऐकत लावावी लागते. चाचांनी ती घोडी परत उचलली, माझ्याकडं पाठ करून बसले आणि म्हणाले, "मी कानस चालवतो. हात थांबला की सांगा."

मी ऐकायला लागलो. रस्त्यावरची रिक्षा ऐकू आली. पुतण्याचा खोकला ऐकू आला. कानसेचा आवाज मात्र नव्हताच. मला वाटलं, त्यांनी अजून सुरुवात केली नाही. मी पुतण्याकडं बघितलं. तो माझ्याकडं बघत होता आणि त्यानं लगेच मान खाली घातली.

"चाचा, तुम्ही सुरू केलं का?"

ते वळले. त्यांच्या मांडीवर पांढऱ्या भुकटीचा थर पडला होता.

"तुमच्या डबीत काही खोट नाही, सर. तुम्ही एकदा कान दाखवून या." मग म्हणाले, "मी पाच वर्षांपूर्वी शेवटची जवारी लावली. आता मी घासतो तेवढं, शेवटचं हा पुतण्या ऐकतो. माझ्याकडच्या तीन सतारी परत आल्या होत्या. तिन्ही गिऱ्हाइकांशी मी भांडलो. म्हटलं, तुम्हाला काय कळतं?"

मी सामान गोळा केलं. चहा न घेता निघालो. आभारही मानले नाहीत. सांगलीपर्यंत गाडी चालवताना मी मनात त्यांच्याशी वाद घालत होतो, की म्हातारा माणूस आहे, त्याला सतारीचं कळतं, डिस्टॉर्शनचं काय कळणार.

डॉक्टरकडं मी गेलो नाही. तीन आठवडे गेलो नाही. मग एका मंगळवारी प्रॅक्टिकल चालू होतं. एक मोटर उघडून मी मुलांना दाखवत होतो. स्विचबोर्डाजवळ उभ्या असलेल्या मुलीला मी पाठमोराच विचारलं, "सप्लाय बंद?" ती म्हणाली, "सुरू, सर." माझ्या कानापर्यंत आलं ते "हो, सर."

मी हात घातला.

झटक्यानं मी मागच्या बाकावर फेकला गेलो. फार काही झालं नाही. कोपर तेवढं फुटलं. पण ती मुलगी रडायला लागली आणि पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सर, मी सुरू म्हटलं होतं, सुरू म्हटलं होतं." मी तिला म्हणालो, तुझी काही चूक नाही. पाणी पिताना माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. मी स्वतः हात घालण्याऐवजी एखाद्या मुलाला घालायला सांगितला असता तर?

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन मिरजेच्या एका दवाखान्यात गेलो. काचेच्या छोट्या खोलीत बसवून कानावर हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. पहिले काही आवाज आले. मग नुसती शांतता. काचेपलीकडं तपासणारी बाई तिच्या यंत्रावर काहीतरी फिरवत होती, म्हणजे आवाज येत असणार, एवढं मला कळत होतं. मी अंदाजानं एकदोनदा बटण दाबलं, पोरानं परीक्षेत ठोकून द्यावं तसं. तिनं मान हलवली.

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. रेघ डावीकडून बऱ्यापैकी सरळ येत होती आणि मग एकदम खाली कोसळत होती. "वरचे बारीक आवाज गेलेत. स, श, फ, च असले. नस खराब झाली आहे," त्या म्हणाल्या. "किती वर्षं वाजवताय?"

"बावीस. ड्रमच्या शेजारी."

"हे परत येणार नाही. उरलंय ते सांभाळा. कानाला मशीन लावून घ्या."

बाहेर बाकावर बसल्यावर बायको म्हणाली, "दोन वर्षं मला वाटत होतं, तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही. माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय तुम्हाला." तिनं ते रागानं म्हटलं नाही. त्यामुळंच मला तिच्याकडं बघवेना.

पुढच्या रविवारी मी मित्राच्या गावी गेलो. तो आल्याच्या रानात पाण्याच्या नळ्या तपासत होता. मला बघून उठला, पण पुढं आला नाही. मी बांधावर उभा राहूनच सगळं सांगितलं. सतारवाल्यांचं, झटक्याचं, कागदावरच्या रेघेचं. शेवटी म्हणालो, "कऱ्हाडला मी जे बोललो..."

"ऱ्हाऊ दे ते." त्यानं हात धुतले. "मला ठाव हुतं."

"काय?"

"तुला ऐकू येत न्हाई ते. दोन वरसं झाली. म्हणून तर मी पट्टी सांगताना बोटं दाखवायचो. सीला एक, डीला दोन. तुझ्या ध्यानातबी आलं न्हाई. त्या दिशी दोन्ही हात कीबोर्डवर हुते, म्हणून घोळ झाला."

मला त्याची माफी मागायची होती आणि त्याऐवजी मी ओरडलो, "मग सांगितलं का नाहीस? तेव्हाच दाखवलं असतं तर थोडं तरी वाचलं असतं!"

"टोचतंय म्हणून कितींदा सांगितलं!"

"पेडल टोचतंय म्हणून सांगितलंस. कान म्हणून नाही."

कवळीवरून जीभ फिरवायची त्याला सवय लागली होती, तसं त्यानं केलं. मग म्हणाला, "भ्या वाटलं रं. तू वाजवायचं सोडशील आसं वाटलं. मग मी कुणासाठी यायचो एवढ्या लांब?"

त्याच्या बायकोनं जेवायला थांबवून घेतलं. निघताना मी कवळीबद्दल बोललो त्याची माफी मागितली. तो "व्हय" म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

आता दोन्ही कानांत मशीन आहे. पहिल्या दिवशी घरातला नळ, कागद, बायकोच्या बांगड्या असं सगळं एकदम अंगावर आलं. गिटार मात्र मशीनमधून पत्र्याच्या डब्यासारखी ऐकू येते. ऑर्केस्ट्रात मी परत गेलो नाही. त्यांनी बोलावलंही नाही, आणि नव्या माणसाचं बरं चाललंय.

पेडल मी पुन्हा उघडलं. या वेळी कानावर विसंबलो नाही. मूळ सर्किटचा नकाशा मिळवला आणि त्यावर लिहिलेल्या मापाचे कपॅसिटर, तसेच डायोड, तशीच चिप, एकेक करत जिथल्या तिथं बसवली. सुटलेली तांब्याची पट्टी काही जागेवर येत नाही. तिथं ती वायर तशीच आहे. मित्र मागच्या महिन्यात सांगलीला काही कामासाठी आला होता, तो घरी आला. मी वाजवलं. तो समोर खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकत होता.

"कसं आहे?"

"झ्याक हाय," तो म्हणाला. "पयल्यागत."

मी त्याच्या चेहऱ्याकडं बघत राहिलो. तो खरं सांगत होता की मला वाईट वाटू नये म्हणून तसं म्हणत होता, ते ओळखता येईना. मी पुन्हा एकदा तोच तुकडा वाजवला आणि या वेळी त्याला काही विचारलं नाही.