ओबिदुससमोरून जाताना

समुद्राचं निळं पाणी मागे पडून ॲमेझॉनचं दुधाच्या चहासारखं पाणी लागलं, की जहाजावरची कामं बदलायची. खारं पाणी गोडं करणारी यंत्रं या गाळात चालवत नसत, म्हणून टाक्यांतलं पाणी पुरवून वापरायचं. पोहण्याचा तलाव कोरडा करायचा. अंधार पडला की किड्यांमुळे डेकवरचे दिवे मंद करायचे. नदीच्या मुखापाशी, मकापा शहराजवळ, नदीचा वाटाड्या चढला, तेव्हा खाली लॉन्ड्रीत लिओनोरानं सांगून टाकलं, "आजपासून चादरी एक दिवसाआड. टॉवेल कुणी मागितला तरच." लिओनोरा लॉन्ड्रीची मुकादम. मूळची फिलिपिन्सची, तोंडाची फटकळ.

ओडालेया मान हलवून इस्त्रीकडे वळली. ती याच नदीकाठची, ओबिदुसची. तिथे नदी अरुंद होते आणि मोठी जहाजं गावाच्या अगदी जवळून जातात. पण थांबत मात्र नाहीत.

गेल्या वर्षी तिनं फोनवर वडिलांना सांगितलं होतं, "बाबा, आमचं जहाज गावासमोरून जाणार. मी वर येऊन हात करीन." तिचा बाप अनाक्लेतो म्हातारा कोळी. गावची संत सांता आना, तिच्या उत्सवातला पांढरा शर्ट घालून त्यानं होडी काढली, जहाजाच्या लाटांत ती कशीबशी सावरत धरली आणि मान वर करून एकेक मजला न्याहाळला. ओडालेया आलीच नाही. नंतर तिनं सांगितलं, कामातून सोडलं नाही.

ते खोटं होतं. तिनं सुट्टी मागितलीच नव्हती. घरी तिनं सांगून ठेवलं होतं, की ती पाहुण्यांच्या स्वागताला असते, गळ्याला रुमाल बांधून. घामानं भिजलेल्या हिरव्या एप्रनमध्ये बापासमोर उभं राहायची तिला लाज वाटली. पुढच्या खेपेला चांगले कपडे मागून आणू, असं तिनं मनाशी ठरवलं. पुढच्या खेपेपर्यंत अनाक्लेतो राहिला नाही. पावसाळ्यात तापानं गेला, आणि तेव्हा ओडालेया दूर कुठल्याशा समुद्रात होती.

या वेळी गाव जवळ आलं तशी ती लिओनोरासमोर जाऊन उभी राहिली. "मला थोडा वेळ वर जाऊ देता? माझं गाव येतंय."

"जा की," लिओनोरा घड्या घालता घालता म्हणाली. "त्यात विचारायचं काय? मागच्या वर्षी का नाही गेलीस?"

ओडालेया एप्रनमध्येच जिना चढली. कपडे मागून आणायचं तिच्या मनातही आलं नाही.

वर ऊन डोळ्यांवर आलं. काही प्रवासी दुर्बिणी लावून गावातल्या जुन्या किल्ल्याकडे बघत होते. तिनं घरी कळवून ठेवलं होतं; धक्क्याच्या पायऱ्यांवर दोन बायका छत्री धरून बसल्या होत्या. तिनं फोन लावला. धाकट्या बहिणीनं, जुसारानं, तो आईच्या कानाला लावला.

"कुठली गं तू?" आईनं विचारलं. "मला इतक्या लांबचं दिसत नाही. जुसारा म्हणते, हिरवं काहीतरी दिसतंय."

"तीच मी. हिरवा एप्रन." ओडालेया म्हणाली, "आई, मी स्वागताला नसते. चादरी धुते."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापानं. तू फोनवर तोंड दाखवायचीस ना, तेव्हा त्यानं तुझे हात बघितले. मला म्हणाला, पोरगी साबणात काम करते, तू काही विचारू नकोस. तिच्या मनात येईल तेव्हा सांगेल."

ओडालेयानं कठडा घट्ट धरला. "मग त्या दिवशी होडी घेऊन…"

"तुला बघायला आला होता, बाई. तुझ्या कपड्यांना नव्हे." मग आईनं विचारलं, "जेवलीस का? आज तांबाकी मासा भाजलाय."

"जेवले," ती म्हणाली. तेही खरं नव्हतं.

जुसारा उठून छत्री हलवायला लागली. ओडालेया दोन्ही हात वर करून हलवत राहिली. शेजारच्या एका प्रवाशानं, तिला बघून असेल, काठाकडे हात केला. जहाज वळणाला लागलं तसा आईचा आवाज तुटक झाला आणि मग बंदच पडला. धक्का झाडांआड गेला.

ती खाली आली तेव्हा लिओनोरानं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. ओडालेया बसली नाही. सुकवण्याच्या यंत्रातून निघालेल्या गरम चादरीचं एक टोक तिनं धरलं, दुसरं लिओनोरानं, आणि दोघी घड्या घालायला लागल्या.