साबणावरचा कर

देशाचं अंदाजपत्रक मांडतात त्या दिवशी उपास धरणारा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात एकच असेल, आणि ते माझे मामेसासरे आहेत हे सांगताना माझी मान ताठ होते. दिग्रसच्या कॉलेजात जन्मभर कॉमर्स शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. त्या दिवशी टीव्हीसमोर बसतात आणि गरिबाच्या वाट्याला काय आलं ते कळल्यावरच चहा घेतात. काही वर्षी तो चहा त्यांना कडू लागतो, आणि बिचाऱ्या मामी साखर वाढवत बसतात. वह्या-पेन्सिलींवरचा कर उठला तेव्हा गल्लीभर पेढे वाटले, अन् मग पेढ्यांवर कर किती लागला म्हणून हलवायाशी हुज्जत घातली. किराणा दुकानात कुणी तेल-साबण घेतलं की हे त्या अनोळखी माणसाला वाकून नमस्कार करणार. "काहून हो सर?" "देश चालवून राह्यले तुमी, म्हून." सोबत असलो की मी बिस्किटांच्या पुड्यांवरची अक्षरं वाचत उभा राहतो.

मागच्या वर्षी मात्र मी तोंड लपवलं नाही. त्यांच्या कॉलनीत सरकारी पैशातून अभ्यासिका झाली, आणि कॉलनीच्या समितीनं दारावर पाटी ठोकली: फक्त करदात्यांच्या मुलांसाठी. मामींकडे भांडी घासणाऱ्या कमलाबाईची पोरगी पोलीस भरतीचा अभ्यास करत होती. घर एका खोलीचं, त्यातच चूल, टीव्ही, भावंडं. परीक्षा तोंडावर आलेली, आणि पोरीला अभ्यासिकेच्या दारातून परत पाठवलं. "कर भरनाऱ्याईचं आहे ते, आपलं नोहे," असं कमलाबाईनं पोरीलाच समजावलं. हे कानावर आलं आणि मामा जेवणावरून उठले.

समितीच्या बैठकीला मलाही ओढत नेलं. अध्यक्ष कापसाचे व्यापारी. म्हणाले, "सर, टॅक्स आमी भरतो. हे लोक फुकटचं खातेत."

"शेठ, साबण कोनता वापरता?"

शेठनी नाव सांगितलं.

"कमलाबाई बी तोच वापरते. कर दोघाईले सारखाच. साबणाले काय मालूम घेनारा कोन आहे? तुमाले तो कर जानवत बी नाही, तिले त्याच्यापायी तेलाची बाटली लहान घ्या लागते. आता जास्त कोन भरून राह्यलं, सांगा मले. तुमच्याजवळ जास्त आहे म्हून इन्कम टॅक्स तुमाले लागते, त्यात उपकार कायचे? तिच्या पोरीनं शिकून वर यावं, यासाठीच तर असते हा पैसा."

एकानं हळूच विचारलं, माचिसवरही कर असतो का. झालं! मामांनी माचिसपासून जे सुरू केलं ते थांबेचनात. लोक पटून म्हणा की कंटाळून म्हणा, हो म्हणाले आणि पाटी उतरली. मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पोरगी आता रोज तिथं बसते. भरतीचं अजून काही ठरलेलं नाही. परवा कमलाबाई तिचा डबा घेऊन आली आणि दाराबाहेरच थांबली. मी आणि मामा आत पेपर चाळत होतो. मामांनी तिला आत बोलावलं. ती पोरीशेजारच्या खुर्चीवर जेमतेम टेकली, टेबलावरून हात फिरवला आणि दबक्या आवाजात म्हणाली, "सर, मले इथून कोनी उठवन तर नाही नं?"

देशाच्या अर्थकारणावर कधीही, कुठेही बोलणाऱ्या माणसानं "नाही" म्हणून नुसती मान हलवली. मग, "चला जावईबापू," म्हणून माझा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.