साडूंची गाडी आणि सात मिनिटं

जिन्याखालच्या त्या कोनाड्याला दुकान म्हणायचं ते केवळ त्याला शटर होतं म्हणून. आत एक माणूस बसला की दुसऱ्याला बाहेर उभं राहूनच बोलावं लागे. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या, एका बाजूला किल्ली कापायचं यंत्र, कानशींचा डबा आणि मधे स्टुलावर किल्लीवाला. कुलपांचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याने हे सुरू केलं, त्याला आता एकोणीस वर्षं होत आली होती. माणूस अबोल. कुलूप दुरुस्तीला आलं की ते कानाशी धरायचा, किल्ली आत सरकवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, याला डुलकी लागली.

सासरी तो धाकटा जावई. थोरले जावई, म्हणजे त्याचे साडू, विम्याच्या कचेरीत बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर होते. आवाज भारदस्त, आणि दारात चंदेरी रंगाची मोटार. गाडी तशी कुणाची तरी वापरलेली घेतलेली, पण थोरले तिच्याबद्दल बोलायला लागले की वाटावं, कारखान्यातून निघाली ती पत्ता विचारत थेट यांच्याच दारात आली. सगळे जमले की थोरल्यांना हातांची खुर्ची मिळे. धाकट्याला कुणीतरी हळूच म्हणे, "जेवण वाढेपर्यंत जरा आतलं कपाट बघता का? दार लागत नाहीये." मग तो कपाटापुढे मांडी घालून बसे आणि बाहेरचा हशा भिंतीआडून ऐके. त्याचं त्याला वाईट वाटत नसे. कपाट निदान मोटारीच्या गोष्टी सांगत नाही, असं तो एकदा बायकोला म्हणाला होता.

सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ते आठवडाभर आधीच थोरल्या लेकीकडे येऊन राहिले. डॉक्टरांनी अकराची वेळ दिली होती. त्या दिवशी दहाच्या सुमाराला किल्लीवाल्याच्या बायकोचा दुकानात फोन आला. तिला तिच्या बहिणीने न्हाणीघरात नळ सोडून, कुजबुजत फोन केला होता. गाडीची किल्ली तासाभरापासून फिरत नव्हती. थोरल्यांनी सगळ्या गल्लीला विचारलं, पण साडूला विचारायला काही तयार नव्हते. मागेच चार लोकांत ते बोलून बसले होते की ट्रंकेचं कुलूप वेगळं आणि मोटारीचं तंत्र वेगळं. आता तोंड कुठल्या तोंडाने उघडणार?

"तुम्ही सहज तिकडून चालला होतात असं म्हणायचं," बायकोने बजावलं. "ताईचं नाव काढायचं नाही."

किल्लीवाल्याने हत्यारांची पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि सहज तिकडून जायला निघाला.

साडूंची गल्ली उताराची. गाडी नाक खाली करून उभी होती आणि पुढचं चाक फूटपाथच्या कडेला घट्ट टेकलेलं. भोवती सातआठ शेजारी. औषधांच्या दुकानाचा मालक म्हणत होता की बॅटरी उतरली. निवृत्त ड्रिलमास्तरांचं मत होतं की गाडी चौघांनी उचलून हलवावी. बॉनेट उघडून ठेवलं होतं. मुळात किल्लीच फिरत नव्हती, मग इंजिनाचा काय अपराध? पण दुखणं पायाला आणि मलम कपाळाला, असा सगळा प्रकार. थोरल्यांनी कुलपात शिलाई मशीनचं तेल ओतलं होतं, किल्लीवर हातोडी चालवली होती, मग ती पकडीत धरून पिळली होती. शर्टावर तेल, कपाळावर घाम, आणि किल्ली कमरेत वाकलेली.

मागच्या सीटवर सासरे इस्त्रीचा कोट घालून, तपासण्यांची फाईल मांडीवर धरून बसले होते. उतरा म्हटलं तर तयार नव्हते. एकदा बसलो की बसलो, असं त्यांनी लेकीला सांगून टाकलं होतं.

"सहज चाललो होतो इकडून," किल्लीवाला म्हणाला.

थोरल्यांनी त्याच्याकडे पाहिलं, सायकलवरच्या पिशवीकडे पाहिलं, आणि वाट सोडली.

एरवी त्या गाडीत त्याची जागा मागे, मधोमध, दोन्ही बाजूंचे गुडघे सांभाळत. चालकाच्या जागेवर तो आज पहिल्यांदाच बसला. गाडी त्याला चालवता येत नव्हती. त्याने विचारलं, दुसरी किल्ली आहे का? होती. ती चालवून पाहिली का? पाहिली, तीही फिरत नाही.

म्हणजे खोट किल्लीत नव्हती. दोन किल्ल्या एकाच दिवशी रुसत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला. ते ताणलेल्या दोरीसारखं कडक लागलं. चाक कडेवर रेटलेलं, गाडीचा सगळा भार त्यावर, आणि तो भार आतल्या खिटीवर. किल्ली काढली की हीच खिटी स्टिअरिंग अडवून धरते. बिचारी दोन्हीकडून चेपली गेली होती, मागे सरकणार कुठून? त्याने दुसरी किल्ली आत घातली, डोळे मिटले, डाव्या हाताने स्टिअरिंग कडेच्या विरुद्ध बाजूला जरासं ओढून धरलं आणि उजव्या हाताने किल्ली हलकेच वळवली.

टक्. किल्ली फिरली. स्टिअरिंगमागचे बारीक दिवे लागले.

त्याने चटकन ती परत मागे फिरवली.

मान वर केली तर खिडकीत थोरले. त्यांच्यामागे अख्खी गल्ली. स्टिअरिंग ओढलं की झालं, एवढं एक वाक्य त्याच्या ओठांवर आलं होतं. खरं सांगायचं तर गोडही लागत होतं. एकोणीस वर्षं कपाटांपुढे काढली होती त्याने. पण हे वाक्य बाहेर पडलं असतं तर ड्रिलमास्तरांनी ते पुढची दहा वर्षं थोरल्यांना येता-जाता ऐकवलं असतं.

"मोठं काम आहे ना?" थोरल्यांनी विचारलं. आवाजातला भारदस्तपणा कुठल्या कुठे गेला होता. ते विचारत नव्हते, 'हो' मागत होते.

"आहे थोडं," किल्लीवाला म्हणाला.

मग तो कामाला लागला. उजेड अडतोय म्हणून लोकांना मागे सरकवलं, बॉनेट लावून घ्यायला सांगितलं. फडकं पसरलं. वाकलेली किल्ली स्क्रूने आवळायच्या छोट्या पकडीत धरून हळूहळू सरळ केली. कुलपातलं तेल कापसाने टिपून काढलं आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला फासून आत-बाहेर केली. यातलं काहीच वाया जाणार नव्हतं, फक्त त्या क्षणी त्याची गरज नव्हती. सात मिनिटं झाली. तो उतरला आणि म्हणाला, "आता तुम्हीच फिरवा. तिला तुमच्या हाताची सवय आहे."

थोरले बसले. किल्लीवाल्याने खिडकीतून हात घालून, नुसतं टेकल्यासारखं करत, स्टिअरिंग ओढून धरलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. थोरल्यांची छाती परत पूर्वीच्या मापाची झाली. औषधवाल्याने तेवढ्यातही सांगून टाकलं की बॅटरीच असणार.

किल्लीवाल्यालाही सोबत घेऊन दवाखान्यात ते अकराला पाच मिनिटं कमी असताना पोचले. थोरले गाडी लावायला गेले. बाकावर सासरे आणि धाकटे जावई दोघंच.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "मला दिसत नाही, पण ऐकू चांगलं येतं. ते टक् झालं तेव्हा तुम्हाला बसून दोन मिनिटंही झाली नव्हती."

 किल्लीवाला फाईलकडे बघत म्हणाला की किल्ली वाकडी होती, ती सरळ करणं भागच होतं.

"असेल. मी कुणाला बोलणार नाही," सासरे म्हणाले. "पण माझी अकराची वेळ हुकली असती, तर सगळ्या गल्लीत सांगितलं असतं."

ऑपरेशन नीट झालं. थोरल्यांनी मात्र कचेरीभर सांगून टाकलं की आतला बिघाड फार नाजूक होता, आमच्या साडूंशिवाय कुणाच्या बापाला सापडला नसता. झालं, जिन्याखाली मोटारवाल्यांची रीघ लागली. किल्लीवाला प्रत्येकाला एकच सांगे, आधी स्टिअरिंग जरा हलवून बघा. निम्मे लोक तेवढ्यावरच परत जात, आणि त्याच्याकडे काही खास विद्या आहे असं म्हणत जात.

तीन आठवड्यांनी भर दुपारी फोन वाजला. थोरले होते. बाजारात, उतारावर, किल्ली पुन्हा अडकली होती.

या वेळी किल्लीवाल्याने आडपडदा ठेवला नाही. स्टिअरिंग कुठल्या बाजूला ओढायचं, किल्ली कशी हलक्या हाताने वळवायची, सगळं सांगितलं. पलीकडून टक् ऐकू आलं. 

"त्या दिवशीसुद्धा एवढंच होतं का?" थोरल्यांनी विचारलं.

"हो," किल्लीवाला म्हणाला.

थोरल्यांनी फोन ठेवला. किल्लीवाल्याला ती दुपार जड गेली. हातातली किल्ली दोनदा चुकीची कापली.

संध्याकाळी शटरसमोर चंदेरी गाडी थांबली. थोरले उतरले, आत जागा नाही हे पाहून पायरीवरच रुमाल अंथरून बसले, आणि कचेरीतला साहेब कसा छळतो ते सांगू लागले. मोटारीचं अवाक्षर नाही. किल्लीवाल्याने यंत्र बंद केलं आणि वरच्या मजल्यावरच्या शिंप्याला हाक मारून सांगितलं, चहा सांगणार असाल तर दोन कप जास्त सांगा.