राखीव जागेवरची बाई

सगळ्यांना काचेच्या कपात चहा आला. मला कागदी कपात.

शाळा व्यवस्थापन समितीची माझी पहिली बैठक होती. विट्याच्या पुढं माळावर आमचं गाव, तिथली जिल्हा परिषदेची शाळा. समितीत आमच्या बौद्ध वस्तीतलं कुणीतरी घ्यावंच लागतं, म्हणून माझं नाव घातलेलं. ठेवणीतली साडी नेसून गेले होते मी. नवरा म्हणालासुद्धा, "मेंबर झालीस गं."

मी म्हटलं, "मलाबी काचंच्या कपातच द्या की."

चहा देणाऱ्या मावशी अध्यक्षांकडं बघायला लागल्या. अध्यक्ष म्हणजे गावचे आबा. द्राक्षबागांचे मालक. निम्मी वस्ती त्यांच्याच बागेत कामाला, मीसुद्धा.

आबा हसले. "ताई, घ्या त्यातच. धुवायचा तरास न्हाई."

मग बाकीचे कप काय न धुताच ठेवणार होते? मी चहाला हात लावला नाही. त्यावर साय धरली. बैठक संपली.

पुढं पावसाळ्यात माझी प्रज्ञा जेवेना. चौथीतली पोरगी. ताट पुढं आलं की हात हुंगायची. तिच्या हाताला फिनेलचा वास.

"कशाचा गं?"

"संडास धुतो आमी."

"कोण कोण?"

"आपल्या वस्तीतली पोरं. आन् अल्ताफ."

अल्ताफ म्हणजे मुमताजभाभीचा पोरगा. भाभीचं यष्टी स्टँडवर बांगड्यांचं दुकान. गावात मुसलमानांची मोजकीच घरं.

"आन् बाकीची?"

"ती खेळत्यात. हेडगुरुजी म्हणले, तुमाला सवय असतीया."

सवय. माझ्या आजीला होती ती सवय. तिनं रक्त आटवून ती सोडली, डोक्यावरची मैल्याची टोपली फेकली, बुद्धाला हात जोडले. आणि हा माणूस, सरकारचा पगार घेणारा, तीच सवय माझ्या पोरीच्या हातात परत देत होता.

पुढच्या बैठकीत मी विषय काढला. हेडगुरुजी खिडकीबाहेर बघत बसले. बोलले आबाच.

"स्वच्छता म्हंजे संस्कार हाय, ताई."

"मग समद्या पोरांना द्या की संस्कार. आमच्याच पोरांना का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. आबांनी खुर्ची मागं सारली.

"हे बघा. तुमी राखीव जागेवर आलाय. जागा बसायला दिलीया. बोलायला न्हाई."

सगळे हसले. बायकासुद्धा. माझे कान तापले. आणि मी बसले.

घरी गेले नाही. शाळेच्या मागं गेले. पोरांच्या मुतारीत प्रज्ञा वाकून झाडू मारत होती. फ्रॉकचा गळा नाकावर ओढलेला, दातात धरलेला. मला बघून ती घाबरली. मला! जणू चोरी तीच करत होती.

तिची ती नजर बघितली आणि माझ्यातलं काहीतरी तुटलं. भीतीच असावी. परत सापडली नाही.

झाडू तिच्या हातातून घेतला. तसाच गळता झाडू घेऊन हपिसात गेले. सगळे अजून बसलेलेच होते. हेडगुरुजींच्या समोर, टेबलावर, ठेवला. घाण पाणी काचेवरनं त्यांच्या मांडीवर ओघळलं.

"हा तुमचा संस्कार. धरा."

कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी बागेत मुकादम म्हणाला, "तुला येऊ नगं म्हणलंय." वस्तीतले जाणते घरी आले. "पोरी, आपुन थोडी माणसं. गावात ऱ्हायाचं हाय." मी त्यांना पाणी दिलं. ऐकलं नाही.

मुमताजभाभीकडं गेले. ती बांगड्या भरत होती एका नवरीला. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले. सगळं सांगितलं. अल्ताफनं तिला काहीच सांगितलं नव्हतं. तिनं बांगड्यांचं खोकं बंद केलं. मग म्हणाली, "पालकसभा कवा हाय? मी येती."

पालकसभा शाळेच्या पटांगणात झाली. आबा मधल्या खुर्चीत, गळ्यात हार. मी उभी राहिले. शेजारी भाभी.

"आबा, तुमचं पोरगं कुठल्या वर्गात हाय?"

सगळ्या गावाला ठाऊक होतं. रोज सकाळी पिवळी बस यायची आणि आबांचा पोरगा टाय लावून विट्याच्या इंग्रजी शाळेत जायचा. कायदा सांगतो, अध्यक्ष पालकच पाहिजे, याच शाळेतल्या पोराचा. ठाऊक सगळ्यांना. बोललं कुणी नव्हतं.

"पुतण्या हाय माझा चौथीत," आबा म्हणाले.

भाभी ओरडली, "पुतण्याचा बाप जिता हाय न्हवं? मग त्यो बसंल की खुर्चीत!"

हसू फुटलं. या खेपेला ते आबांवर होतं. पार मागच्या रांगेपर्यंत गेलं. खोटं कशाला बोलू, ते मला गोड लागलं. पोटभर जेवल्यासारखं. त्यांची मान खाली गेली तशी मी डोळे भरून बघून घेतली.

आबांचं अध्यक्षपद गेलं. एवढ्यावर गावाला वाटलं, बाई थांबंल.

मी हेडगुरुजींवर तक्रार केली. जातीवरनं काम लावल्याची. वर, जिल्ह्यापर्यंत. भाभीची सही माझ्या सहीखाली. एका संध्याकाळी हेडगुरुजी दारात आले. पेढ्याचा पुडा घेऊन.

"झालं गेलं विसरा, ताई. मलाबी लेकरं हायत."

"परिपाठाला उभं ऱ्हावा," मी म्हटलं. "समद्या शाळेपुढं, त्या पोरांची नावं घेऊन बोला, माझं चुकलं."

ते पुडा घेऊन परत गेले. परिपाठ रोज होतो. ते बोलले नाहीत.

परवा सांगलीला चौकशी झाली. साहेब चांगलं बोलले. म्हणाले, "मिटवून टाकू. त्यांची बदली करतो, लांब, पार जतकडं."

मी विचारलं, "जतला पोरी न्हाईत का, साहेब?"

ते कागद चाळायला लागले.

"मला त्यांची बदली नगं. नोकरी जायला पायजे त्यांची."

"एवढा राग बरा नाही, ताई."

"बरा नसंल. पण सोडनार न्हाई. पुढची तारीख सांगा."