एक जूनला जन्मलेली शाळा

पंचेचाळिशीत पीएच.डी. करायला घेतली, आणि विषय निवडला तोही असा की घरात सांगायची सोय नाही: निरनिराळ्या देशांत राज्यसंस्थेची क्षमता मोजायची कशी. नणंदेला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे टेप कुठं लावणार?" तिनं चेष्टा केली, पण खरं सांगायचं तर मीही तीन वर्षं तिथंच अडकले होते.

मी धरलेलं माप अगदी साधं होतं. सरकारला आपल्या माणसांची वयं ठाऊक आहेत का, एवढंच बघायचं. जिथं जन्माची नोंद नीट होते तिथले लोक एकोणचाळीस, त्रेपन्न असं वय सांगतात. जिथं होत नाही तिथं जो तो चाळिसाचा नाहीतर पन्नासाचा. एकाच आकड्यावर जेवढी गर्दी, तेवढं राज्य दुबळं. देशांचा तक्ता झकास तयार झाला. पण माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "मॅडम, हे सगळं इंटरनेटवरचं झालं. सोलापुरात बसून लिहिताय, तर इथलं एक तरी उदाहरण द्या. नाहीतर हे प्रकरण मी पुढं पाठवणार नाही." मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती, तिसरी कुणी देणार नव्हतं.

उदाहरण आमच्याच घरात पेपर वाचत बसलं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, वळसंगच्या पुढं एका छोट्या गावात आयुष्यभर प्राथमिक शाळेचे गुरुजी होते. पोराची जन्मतारीख आईबापाला सांगता आली नाही की रजिस्टरात एक जून टाकायची, ही आपल्याकडची जुनी रीत. शाळा जूनमध्ये उघडते, त्या दिवशी सहा वर्षं पुरी दाखवली की काम झालं. मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफरूममध्येसुद्धा एक जूनला इतके केक येतात की दुपारचा डबा कुणी उघडत नाही.

मी त्या शाळेत गेले, हल्लीच्या बाईंची परवानगी काढली आणि जुन्या रजिस्टरच्या एका पानाचा, नावं झाकून, फोटो घेतला. वरपासून खालपर्यंत एक जून, एक जून. एसटीत मला नाचावंसं वाटत होतं.

जेवताना फोटो अप्पांपुढं धरला. "परवा सेमिनारमध्ये पडद्यावर लावणार. दुबळ्या राज्याचा पुरावा."

अप्पांचा घास हातातच राहिला. "दुबळं कोण? मी?"

"तुम्ही नाही हो, राज्य."

"त्या गावात राज्य म्हणजे मीच की. दुसरं कोण फिरकत होतं तिकडं? शिरगणती मी केली, मतदार यादी मी केली, पोलिओचे थेंब मी पाजले." ताट सरकवून ते उठले. "पान लावायचं नाही."

मी पण त्यांचीच मुलगी. माझी तीन वर्षं पाण्यात घालू का, असं तोंडावर विचारलं. अप्पा रागावले की मराठी बंद करून आईशी फक्त कन्नड बोलतात. दीड दिवस घरात कन्नडच चाललं होतं.

सेमिनारच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली. "त्या पानावर पोरी किती आहेत बघितलंस?"

नव्हतं बघितलं. नावं झाकण्यातच माझी सगळी अक्कल खर्च झाली होती.

"उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरता आला, की पोर सहा वर्षांचं. अशी आमची परीक्षा. पोरी शाळेत यायच्याच उशिरा, आठ वर्षं भरल्यावर. कान काय, खांद्यापर्यंत हात जायचा त्यांचा. तरी मी सहाच लिहायचो."

"का पण?"

"खरं लिहिलं तर दहावीतच अठरा भरतात. दाखल्यावर अठरा दिसले की लग्न लावायला आईबाप एक दिवस थांबत नव्हते. मला दोन वर्षं मिळायची, त्यात बारावी उरकायची."

मी डोक्याला हात लावला. "अप्पा, ही खाडाखोड झाली."

"खाडाखोड कसली? पहिल्यांदाच चुकीचं लिहायचो मी, स्वच्छ अक्षरात."

मला इतकं हसू आलं, आणि इतका अभिमान वाटला, की रात्रीचं जेवण होईपर्यंत मी त्यांच्याजवळून हलले नाही. पान लावायला ते तयार झाले, पण ही हकिकत पूर्ण सांगायच्या बोलीवर.

दुसऱ्या दिवशी मी पूर्ण सांगितली. जिथं माझ्या मापानं राज्य दुबळं ठरत होतं, तिथंच कायदा खरा पोचला होता, असं म्हणाले. सरांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "ही तर खोटी नोंद. तक्त्यात तिला धरायचं काय म्हणून?"

मागच्या रांगेत अप्पा येऊन बसले होते, त्यांच्याशेजारी एक बाई होत्या. अप्पांच्या जुन्या विद्यार्थिनी, आता ग्रामसेविका. अप्पांनीच फोन करून बोलावलेल्या. त्या उभ्या राहिल्या. "सर, अठराचा कायदा कागदावर हुताच की. आमच्या गावात त्यो गुर्जींनी आणला, खोटी तारीख लिहून. म्हणून मी बारावी झाले, नोकरीला लागले. आता गुडघं म्हणत्यात बास, पन सरकार म्हणतंय रिटायर व्हायला अजून दोन वर्सं हायती."

हॉल हसून हसून लोटपोट झाला. सरही हसले. म्हणाले, "पाठवतो पुढं. पण मापाच्या मर्यादांवर दहा पानं वाढवा." दहा काय, मी वीस लिहिली असती.

रिक्षात माझी बडबड थांबेना. आइस्क्रीम खाऊ म्हटलं, आईसाठी बांधून घेऊ म्हटलं. अप्पा बाहेर बघत होते.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मला यातलं काही कळत नव्हतं," ते म्हणाले. "एका पोरीचा बाप जन्माचा कागद घेऊन आला. नोव्हेंबरातली तारीख होती. मी आहे तशी उतरवली. दहावीची दिवाळी झाली, तिला अठरा भरले. परीक्षेआधी लग्न लावलं तिचं. वर्गात पहिली यायची."

आइस्क्रीमचं दुकान आलं, मी रिक्षा थांबवली नाही.

"तुझ्या तक्त्यात," अप्पा म्हणाले, "माझ्या सगळ्या रजिस्टरात तेवढी एकच नोंद बरोबर धरली जाईल बघ."