चिनारावरचा लाल्या

पिपरी मेघेत राहणारे केशवराव माणसांची नावं विसरत, पण एकदा पाहिलेलं पान जन्मात विसरत नसत. चौतीस वर्षं त्यांनी समुद्रपूर तालुक्यात कृषी सहायक म्हणून वावरं तुडवली. अजूनही बसस्टँडवर एखादा म्हातारा हात जोडून म्हणे, "रामराम साहेब, वळखलं काय?" केशवराव डोळे बारीक करत, त्याला टोपीपासून चपलेपर्यंत न्याहाळत, आणि मग एकदम त्यांचा चेहरा उजळे.

"वळखलं कसं नाई! तुही तूर. शेंड्याकडून वाळत होती."

म्हातारा खूश होऊन घरी जाई. आपलं नाव नसेल साहेबाच्या ध्यानात, पण तूर तर आहे!

फोटो काढण्याची त्यांची एक रीत होती. शेतकऱ्याने पान दोन बोटांत धरायचं. आधी पानाची वरची बाजू टिपायची, मग पान उलटं करून खालची, कारण मावा असो की तुडतुडे, त्यांचं बिऱ्हाड नेहमी खालच्या मजल्यावर. माणसाचा चेहरा येऊ द्यायचा नाही. चेहऱ्यावर रोग ओळखू येत नाही, असं त्यांच्या पहिल्या साहेबांनी सांगितलं होतं आणि केशवरावांनी ते गुरुवाक्य म्हणून पाळलं. पुढे मोबाइल आला. त्यात सरकारी कामाचा असा एक कॅमेरा होता की फोटोखाली आपोआप काळी पट्टी उमटे: गाव, तालुका, जिल्हा, अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ. केशवराव निवृत्त झाले, पट्टी काही निवृत्त झाली नाही. नातीच्या बारशाच्या फोटोतसुद्धा पाळण्याखाली अक्षांश आणि रेखांश आहेत.

त्यांच्या बायकोचं, सुमतीबाईंचं, सारं गाऱ्हाणं इथूनच सुरू होत होतं.

सुमतीबाई वर्ध्याच्या एका शाळेत तीस वर्षं शिक्षिका होत्या. निरोप समारंभाला शाळेने त्यांचा फोटो मागितला, तेव्हा घरात हजारो फोटो निघाले, पण सगळे पानांचे. शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून हार घालून लावला गेला. आता त्याच शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. स्मरणिका निघणार होती, तिच्यात सुमतीबाईंना आख्खं एक पान होतं, आणि स्मरणिकेचं काम पाहणारी तरुण शिक्षिका इला फोन करून सांगत होती, "बाई, वीस नोव्हेंबरच्या आत फोटो द्या हं. चांगला द्या."

"चांगला द्या म्हणते पोरगी," सुमतीबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "तिनं पाह्यला ना मागचा. मलेच वाटत होतं, खाली बक्षीस लिहिलं असन, पकडून देणाऱ्याले."

"काऊन? साफ तर आलता. दोन्ही कान दिसत होते."

"कान! माह्या कानावर काय मावा पाहाचा होता तुमाले?"

शेजारचे प्रभाकरराव तेव्हा दारातच उभे होते. बँकेतून निवृत्त झालेला हौशी माणूस, गळ्यात तांब्याएवढा मोठा कॅमेरा. ऑक्टोबरअखेर गल्लीतल्या निवृत्त मंडळींना घेऊन ते काश्मीरला निघाले होते. झाडं लाल-पिवळी होतात तो मोसम टिपायला. केशवराव आणि सुमतीबाईही त्यात होते.

"वहिनी, कायले चिंता करता? चिनाराखाली तुमचा असा फोटो काढतो की शाळा पाहत राहीन."

"नको भाऊजी," सुमतीबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "संसार यांच्यासंग केला, अन् फोटू शेजाऱ्यानं काढावा काय? काढतीन तर हेच काढतीन. नाई तर तो आधारवालाच छापू द्या."

बाई हसत म्हणाल्या खऱ्या, पण केशवरावांना त्यांचा आवाज माहीत होता. ज्या आवाजात त्या वर्गाला शेवटची ताकीद देत, तो आवाज होता.

काश्मीरच्या खोऱ्यात उतरले तेव्हा सकाळ होती. डोंगरांच्या डोक्यावर बर्फाच्या पांढऱ्या टोप्या, खाली धुकं, आणि धुक्यातून चालत गेलं की बाग. बागेच्या दारात पाऊल टाकलं आणि केशवराव जागीच थबकले.

दोन्ही बाजूंनी हत्तीसारखी झाडं उभी होती, आणि पानं लालभडक. काही तांबूस, काही पिवळी, काठ करपलेले. खाली पानांचा खच. एक पान त्यांनी उचललं. पंजासारखं पान, कात्रे पडलेलं, अगदी कपाशीच्या पानाचा थोरला भाऊ. शिरांमध्ये लाली चढलेली. आमच्याकडे कपाशीची पानं अशी लाल पडली की त्याला लाल्या म्हणतात, आणि लाल्या म्हटलं की शेतकऱ्याच्या घशाखाली भाकर उतरत नाही. केशवरावांनी अर्धं आयुष्य त्याच्यामागे धावण्यात घालवलं होतं. वर्गातल्या वांड पोराकडे मास्तराने पाहावं तसं त्यांनी त्या पानाकडे पाहिलं. इतक्या दूरही आलास काय बे?

बाकीची मंडळी "वाह, वाह" करत होती. केशवराव पुटपुटत होते, "सत्तर टक्के नुकसान. नाई, पंचाहत्तर."

झाडाखाली एक म्हातारा माळी पानं गोळा करत होता. केशवराव त्याच्याजवळ गेले आणि आपल्या वर्धेकडच्या हिंदीत त्यांनी चौकशी मांडली.

"चाचा, फवारणी कब किया था?"

"क्या किया था?"

"दवा. दवा मारा क्या नहीं? ये मॅग्नेशियम की कमी है. जमीन में पानी जमता होगा. और रात में ठंड पडती ना, उससे और बढता है."

माळ्याने फावडं टेकवलं. आधी त्याने केशवरावांकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग पुन्हा केशवरावांकडे, जणू दोघांपैकी आजारी कोण हे ठरवत होता.

"साहब," तो शांतपणे म्हणाला, "ये पेड मेरे परदादा से पहले का है. बीमार नहीं है. सर्दी आ रही है, तो सोने से पहले अच्छे कपडे पहन के खडा है. आप भी देख लो."

मागे प्रभाकरराव इतके हसले की त्यांचा कॅमेरा पोटावर उड्या मारू लागला. "केशवराव, पंचनामा करून टाका! पूर्ण काश्मीरले मदत जाहीर करा!"

केशवरावही हसले, पण हात त्यांचं ऐकत नव्हते. हाताने मोबाइल काढलाच. आणि त्या झाडाखाली, नवी अबोली साडी नेसून, केस नीट बसवून सुमतीबाई उभ्या होत्या.

"आता मले घ्या. झाडाले नाई."

"हो, हो. तुलेच. फक्त एक पान धर हातात. चांगलं दिसते."

बाईंनी पान धरलं. केशवराव पुढे सरकले. अजून पुढे सरकले. "थोडं वर. उन्हात धर. हां. आता उलटं कर."

"उलटं कायले?"

"कर तर."

दुपारी जेवणाच्या टेबलावर बाईंनी मोबाइल मागून घेतला आणि चष्मा लावून एकेक फोटो पुढे सरकवला. एकतीस फोटो होते. एकतीसही फोटोंत पान इतकं स्वच्छ की शीर न् शीर मोजावी. मागे एक अबोली धुरकट गोळा. एकात हनुवटी होती. एकात अर्धा कान. आणि ज्या एकमेव फोटोत चेहरा होता, त्यात नाकाच्या खालून काळी पट्टी गेली होती.

"हा चेहरा माहाच आहे ना?" त्यांनी विचारलं. "नाई म्हणजे, रेखांशावरून तर माहाच वाटते."

उरलेल्या तीन दिवसांत केशवरावांनी पुष्कळ विनवलं, पण बाई काही केल्या फोटोला उभ्या राहिल्या नाहीत. परतीच्या गाडीत जम्मूपासून नागपूरपर्यंत त्या बोलल्या त्या फक्त चहावाल्याशी.

घरी येऊन दहा-बारा दिवस झाले. अठरा नोव्हेंबर उजाडला. सकाळीच दौलतरावांचा फोन आला. समुद्रपूरकडचा हा भाजीवाला शेतकरी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, पिकवायचा, सोबत चार एकर पराटी, म्हणजे कपाशी. साहेब निवृत्त झाले हे त्याने कधी मान्यच केलं नव्हतं.

"साहेब, धुऱ्याकडच्या दोन ओळी लाल पडून राह्यल्या जी. एक डाव पाहून जा ना."

दुपारी केशवराव पिशवी घेऊन निघाले तर सुमतीबाई दारात तयार. अबोली साडी, वर काश्मिरातून आणलेली शाल.

"मीबी येतो. येताना हिंगणघाटले उतरू. तिथं स्टुडिओ आहे. खुर्चीवर बसतो, मागं पडदा राह्यते, होऊन जाते काम."

"ऊन आहे ना. शाल कायले?"

"काश्मीरले गेलतो, त्याचा काही पुरावा नको काय? तुमच्या फोटूत तर मी गेलीच नाई."

एसटीत खिडकीजवळ बाई बसल्या. केशवराव बाजूला बसून आपल्या हातांकडे पाहत राहिले. या हातांनी हजारो पानं टिपली, आणि आता हिंगणघाटचा कोणी अनोळखी माणूस सुमतीला म्हणेल, हनुवटी वर करा. तो तिचा चेहरा पाहील. आपल्याला साधं तेवढंही जमू नये? माळ्याचे शब्द त्यांच्या कानात पुन्हा पुन्हा येत होते. आप भी देख लो.

दौलतरावांच्या वावरात पोचले तेव्हा दिवस कलायला लागला होता. पराटी फुटली होती, पांढरीशुभ्र. आणि धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, अंगाला, जिथे पावसाळ्यात पाणी साचलं होतं, तिथल्या दोन ओळी लाल. केशवरावांनी एक पान दोन बोटांत धरलं, मोबाइल वर केला. मागून सूर्य आला आणि पान दिव्यासारखं पेटलं. तांबडं, जांभळं, काठाला सोनेरी. हजारदा पाहिलेलं पान. त्यांना वाटलं, हे असं असतं होय?

पलीकडे, दोन लाल ओळींच्या मधोमध, सुमतीबाई उभ्या होत्या. दौलतराव ओंजळीत वांगी घेऊन त्यांना म्हणत होता, "बाई, साहेबाले काश्मीरले नेलं म्हणते? बाप्पा! तिथं कोणाच्या वावरात शिरले नाई ना?"

"शिरले ना!" बाई म्हणाल्या. "म्हाताऱ्या माळ्याले दवा लिहून देत होते. झाडाले नाई, मलेच वाटलं आता चक्कर येते!" आणि त्या हसायला लागल्या. एक हात शालीवर, एक हात तोंडावर न्यायचा म्हणून अर्ध्यात थांबलेला. गेल्या पंधरा दिवसांत त्या पहिल्यांदा अशा हसत होत्या.

मोबाइलच्या पडद्यावर पान स्वच्छ होतं आणि सुमती धूसर. केशवरावांचं बोट सवयीने पानावर टेकलेलं होतं. त्यांनी बोट उचललं. चौतीस वर्षांचं बोट, जड झालं होतं. ते त्यांनी अलगद सुमतीच्या चेहऱ्यावर ठेवलं. चेहरा पाण्यातून वर यावा तसा वर आला. पान धूसर झालं, नुसता लाल रंग उरला, चारी बाजूंनी.

त्यांनी फोटो काढला.

"साहेब," दौलतराव ओरडला, "पान इकडे आहे जी! तिकडे बाई आहे!"

"माहीत आहे मले!"

"मंग खालची बाजू?"

केशवराव खालची बाजू टिपायला विसरले होते. दौलतरावाच्या उभ्या आयुष्यात असं झालं नव्हतं. तो बाईंना हळूच म्हणाला, "तब्येत बरी आहे ना साहेबाची?"

सुमतीबाईंनी मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, "हिंगणघाटले उतराचं काही काम नाई आता."

"पट्टी कापून देऊ? इला कापून छापीन."

"काही गरज नाई. राहू द्या. या डाव तोंडावर नाई आली."

डिसेंबरात समारंभ झाला. स्मरणिका हातोहात फिरली आणि सुमतीबाईंच्या पानावर येऊन थांबू लागली. "बाई, काय फोटो आहे! काश्मीरचा ना?" इलासकट प्रत्येकजण तेच म्हणे. प्रभाकररावांनी तर फोटो डोळ्यांपासून चार बोटांवर धरून पाहिला. "हा कोणता बाग, वहिनी? आपण याच्यात गेलतोच नाई. नजरेतून सुटला कसा?"

"खाली वाचा भाऊजी," सुमतीबाई म्हणाल्या. "पट्टी कायले असते मंग?"

प्रभाकररावांनी वाचलं. तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा. पुन्हा वाचलं. केशवरावांची मान ताठ झाली, आणि त्यांना राहवेना. "पराटी आहे ती. लाल्या आलता."

तेवढ्यात खिशात फोन वाजला. दौलतराव होता.

"साहेब, माही पराटी पुस्तकात छापली म्हणते. छापा, माहं काही नाई. पण दवा सांगतो म्हणून तुमी तशेच चालले गेले ना जी! कोणती मारू?"

"लिहून घे," केशवराव म्हणाले आणि त्यांनी औषधाचं नाव, माप, पाणी, सारं सावकाश सांगितलं. मग त्यांनी एकदा सुमतीबाईंकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"अन् दौलतराव, साऱ्या ओळीवर मारजो. पण धुऱ्याकडची शेवटची दोन झाडं हायेत ना, ती तशीच राहू देजो."

"काऊन जी?"

"आम्ही येतो रविवारी."